गेट नंबर दोनचा प्रिंटर

मोठ्या कंपनीत एकूण प्रिंटर किती, हे एकदा विचारून पाहावं. खरेदी विभागाची यादी एक आकडा सांगते, नेटवर्कवाल्यांची दुसरा आणि कंपनीचा कारभार चालवणाऱ्या सॅपमधली तिसरा. या तिसऱ्या यादीत भंगारात गेलेले प्रिंटरही हजर असतात आणि त्यांच्या नावाने कामं अजून सुटत असतात.

खालच्या संवादातली दोन माणसं कल्पित आहेत. त्यांचा वाद मात्र पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात कमी-अधिक आवाजात चालू असतो. अनघा मुख्य कार्यालयात सॅपचं बेसिस सांभाळते, म्हणजे ती अवाढव्य यंत्रणा जागती ठेवण्याचं काम तिच्याकडे. माने हे चाकणच्या प्लांटमधले आयटीचे जुने जाणते. कारखाना गाड्यांच्या सुट्या भागांचा. प्रस्ताव अनघाचा आहे : प्रत्येक प्लांटमधला विंडोजचा प्रिंट सर्व्हर काढायचा, सगळी छपाई पुण्यातल्या दोन लिनक्स सर्व्हरवरून चालवायची आणि प्रिंटरची मॉडेलं चारावर आणायची.

अनघा : मानेसाहेब, तुमच्या सर्व्हरवर किती ड्रायव्हर साचलेत, कधी पाहिलंत?

माने : पाहायची वेळ आली नाही. छापतायत ना सगळे?

अनघा : छापतायत, तिथेच घोडं अडतं. चालू आहे म्हणून कुणी हात लावत नाही आणि हात लावला नाही की ते कुजतं. प्रिंटनाइटमेअर विसरलात? जून २०२१ च्या अखेरीस बाहेर आलं. छपाईची रांग सांभाळणारा विंडोजचा स्पूलर सर्वोच्च अधिकाराने चालतो आणि ड्रायव्हर म्हणून पुढे केलेली फाइल उचलतो. मग साध्या यूजरचं लॉगिन हाती आलेला माणूसही सर्व्हरचा मालक व्हायचा. मायक्रोसॉफ्टला ६ जुलैला नेहमीचं वेळापत्रक सोडून पॅच काढावा लागला. २०१० मधलं स्टक्सनेट हे घातकी सॉफ्टवेअर ज्या वाटांनी पसरलं, त्यातली एक वाटही स्पूलरमधूनच जात होती.

माने : विसरतोय कशाला? ऑगस्टमध्ये नियम बदलला, ड्रायव्हर बसवायला ॲडमिनचे अधिकार लागायला लागले. प्लांटमध्ये ज्याच्या-त्याच्या स्क्रीनवर पासवर्डची खिडकी, आणि ॲडमिन पासवर्ड माझ्या एकट्याकडे. पण मॅडम, तुमच्या लिनक्समध्ये छपाई सांभाळणाऱ्या कप्सचं काय? २०२४ च्या सप्टेंबरात त्यालाही भोकं सापडलीच.

अनघा : सापडली. त्यातलं मुख्य भोक नेटवर्कवर प्रिंटर आपोआप शोधणाऱ्या सोबतच्या प्रोग्रॅममध्ये होतं. आपल्याला शोधायचं काहीच नाही, प्रिंटर कुठे आहे हे आपणच लिहून देणार. तो प्रोग्रॅम बसवायचाच नाही.

माने : म्हणजे भोकं दोन्हीकडे. फरक एवढाच, की एक बुजवायला तुम्ही बसणार आणि दुसरं बुजवायला मी.

अनघा : फरक असा, की एक जागा बुजवायची की प्लांटगणिक एक. आणि ड्रायव्हरचं युग तसंही संपत आलंय. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं, की बाहेरच्या कंपन्यांचे प्रिंटर ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने बंद करत आणणार. विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीत तर असा एक मोड आलाय, की तो चालू केला तर आयपीपी बोलणारे प्रमाणित प्रिंटर तेवढे चालतात, बाकीचे बाद. आयपीपी म्हणजे प्रिंटरशी बोलायची एक सामाईक भाषा. तिची पहिली आवृत्ती १९९९ मधली. प्रिंटर स्वतःच सांगतो : मला ए-फोर येतो, दोन्ही बाजूंनी छापता येतं, रंग नाही. मग वेगळा ड्रायव्हर कशाला?

माने : ऑफिसातल्या लेझर प्रिंटरला ठीक आहे. लेबल प्रिंटरला नाही.

इथे माने उठून फळ्याकडे गेले असते. त्यांचा मुद्दा आकड्यांचा आहे आणि मला तो या सगळ्या विषयातला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो.

माने : झेब्राचा लेबल प्रिंटर घ्या. त्याला आपण चित्र पाठवत नाही, हुकूम पाठवतो. या बिंदूवर जा, इथून बारकोड काढ, एवढ्या उंचीचा. हे बिंदू प्रिंटरच्या हेडवरचे असतात. २०३ डीपीआयच्या हेडवर मिलिमीटरला ८ बिंदू. तेव्हा ८०० बिंदूंची रेघ म्हणजे १० सेंटिमीटर. तुमच्या चार मॉडेलांच्या यादीत ३०० डीपीआयचं मॉडेल आहे. चांगलंच आहे ते, ठसठशीत छापतं. पण त्याला मिलिमीटरला १२ बिंदू. तेच ८०० बिंदू आता पावणेसात सेंटिमीटरच्या आतच संपतात. सगळं लेबल आकसून एका कोपऱ्यात. माणसाला वाचता येतं, म्हणून लाइनवरचा पोरगा ते खोक्यावर चिकटवतो. गिऱ्हाइकाच्या गेटवरचा स्कॅनर मात्र बारकोड घेत नाही आणि ट्रक परत येतो.

अनघा : मग लेबलचा साचा दुरुस्त करू.

माने : किती साचे? प्रत्येक गिऱ्हाइकाचं लेबल वेगळं. कुठे काय यायचं, बारकोड किती उंच, हे त्यांच्या पुस्तकात ठरलेलं. नवीन साचा त्यांच्याकडून मंजूर करून आणायचा. तुमच्या प्रस्तावात ही ओळ कुठे आहे?

अनघा : नाही आहे. मान्य. पण साहेब, आज तुमचा २०३ चा प्रिंटर बंद पडला आणि बाजारात ३०० चाच मिळाला, तर हेच होणार. फक्त रात्री दोन वाजता आणि कुणाला न सांगता होईल. मी ते दिवसाउजेडी करायला सांगतेय.

माने : हे बरोबर बोललात.

अनघा : आणि चुकीच्या भाषेचे घोटाळे आज होत नाहीत का? सॅपमध्ये प्रत्येक प्रिंटरला एक डिव्हाइस टाइप द्यावा लागतो. कुणीतरी घाईत पोस्टस्क्रिप्टचा देतो, प्रिंटरला पोस्टस्क्रिप्ट येत नसते, मग तो सगळा प्रोग्रॅमच अक्षरशः छापत सुटतो. पानाला एक ओळ, ट्रे रिकामा होईपर्यंत. असे किती चुकीचे टाइप तुमच्या यादीत आहेत, मी मोजलेत. सांगू?

माने : नको. पण विंडोजचा सर्व्हर मी आवडीने ठेवलेला नाही. आपल्या डिलिव्हरी चलनावर मराठी पत्ता येतो. जोडाक्षरं, वेलांट्या, रफार. आज सॅप मजकूर विंडोजकडे देतं आणि विंडोज आपल्या फॉन्टमधून अक्षरं जुळवतं. सर्व्हर काढला आणि काम थेट प्रिंटरला दिलं, तर त्या बिचाऱ्याच्या पोटात देवनागरी फॉन्टच नाही. ‘श्री’च्या जागी चौकोन येतील.

अनघा : ज्या फॉर्मवर मराठी आहे, ते सगळे पीडीएफमध्ये करायचे. फॉन्ट पीडीएफच्या आतच जातो, प्रिंटरला नुसतं चित्र उमटवायचं.

माने : जुने स्मार्टफॉर्म, त्याहून जुने सॅपस्क्रिप्टचे, किती पडलेत ते माहितीये? ते नव्याने बांधायचे पैसे कोण देणार?

या प्रश्नाला अनघाने उत्तर दिलं नाही. माझ्या पाहण्यात कुणीच देत नाही. प्रिंटर आयटीच्या खात्यावर असतात, फॉर्म ज्या-त्या विभागाच्या, आणि दोघांच्या मधली फट कुणाच्याच नसते. एकेका पानाच्या दराने प्रिंटर चालवायला देण्याचे करार हल्ली सर्रास होतात. त्यात टोनर, दुरुस्ती आणि मोजणी सगळं येतं, पण ही फट येत नाही.

माने : आता माझा खरा आक्षेप ऐका. रात्रपाळी. गेट नंबर दोनला ट्रक भरून उभा. डिस्पॅचवाल्याने बिल केलं, प्रिंट मारली. कागद नाही. तो मला फोन लावतो, मी तुमच्या हेल्पडेस्कला. ते सॅपमधली स्पूलची यादी उघडतात आणि म्हणतात, आमच्याकडे ‘पूर्ण’ दिसतंय. म्हणजे मी खोटारडा, डिस्पॅचवाला खोटारडा आणि ट्रकवाला तर आहेच.

अनघा : ते ‘पूर्ण’ फसवं आहे, मला ठाऊक आहे. सॅपने काम पुढच्याच्या स्वाधीन केलं, एवढाच त्याचा अर्थ. पत्र पेटीत पडलं हे सांगतं, पोचलं की नाही ते नाही. आजच्या आपल्या मांडणीत त्यापुढे तीन हात आहेत : प्रिंट सर्व्हर, त्यावरची रांग आणि प्रिंटर. मधली भाषा एलपीडी, ती १९९० साली लिहून ठेवलेली. पलीकडच्याने ‘मिळालं’ म्हटलं की तिचं काम संपतं. नाहीतर पोर्ट ९१००, तिथे तर बाइट ओतायचे आणि निघून यायचं. म्हणूनच मी आयपीपी म्हणते. त्यात प्रिंटरला विचारता येतं : कागद संपलाय का, झाकण उघडं आहे का, या कामाची किती पानं बाहेर पडली.

माने : हे सॅपच्या पडद्यावर दिसणार?

अनघा : आपोआप नाही. कप्सला कळेल. तिथून उचलून हेल्पडेस्कच्या पडद्यावर आणावं लागेल. ते मी करणार.

माने : म्हणजे हेल्पडेस्कला दिसेल. डिस्पॅचवाल्याला नाही. आणि त्याला दिसलं नाही, की तो काय करतो? परत प्रिंट मारतो. आणखी एकदा. पाच वेळा मारतो. मग कुणीतरी ट्रेमध्ये कागद घालतं आणि पाचही बाहेर येतात. बिलाचं असेल तर चार फाडून टाकू. लेबलाचं असेल तर? एकाच सिरियल नंबरची दोन लेबलं दोन खोक्यांवर गेली, तर गिऱ्हाइकाकडे जो गोंधळ होतो, त्याचा खर्च तुमच्या सगळ्या प्रिंटरांच्या किमतीहून मोठा. आता तुमचे ते दोन सर्व्हर. एक पडला तर दुसरा काम उचलणार, बरोबर?

अनघा : हो, त्यासाठीच दोन.

माने : पहिल्याने ५० पैकी ३० लेबलं छापली आणि मग पडला. दुसरा कुठून सुरू करणार?

अनघा : ... पहिल्यापासून.

माने : झालं तर.

अनघा : थांबा. मग लेबलांच्या रांगेला आपोआप उचलण्याचा नियम लावायचा नाही. काम अडकलं तर अडकलेलंच राहू दे, माणसाने येऊन बघायचं. बिलांच्या रांगेला लावायचा. दोन रांगा, दोन नियम.

माने : आणि लाइनवरची लेबलं सॅपमधून येतच नाहीत, लाइनच्या संगणकातून येतात. पुण्याची लिंक गेली तरी लाइन चालू असते. तुम्ही म्हणाल, लिंक गेली तर सॅपही नाही, मग छापायचं काय? बिलापुरतं ते खरं. पण लेबलाला पुण्याला पाठवून परत चाकणला आणायचं कारण काय?

अनघा : काही नाही. लाइनचे लेबल प्रिंटर लाइनवरच राहू देत. पण माझ्या यादीत हवेत. त्यांचे पासवर्ड बदललेले हवेत. २०१८ च्या नोव्हेंबरात कुणा टवाळाने जगभरच्या ५० हजारांच्या आसपास उघड्या प्रिंटरांवर एका यूट्यूबरची जाहिरात छापली होती, याच ९१०० पोर्टमधून. आपल्याकडचा एकही इंटरनेटवर उघडा नाही, पण कारखान्याच्या आत सगळ्यांना उघडा आहे.

सुरक्षेच्या बाबतीत अनघाच्या बाजूने मी मत देईन आणि लेबलांच्या बाबतीत मान्यांच्या. कागदाच्या प्रतींबद्दल मात्र दोघंही आपापल्या जागी अर्धे बरोबर आहेत.

अनघा : गेटवर डॉट मॅट्रिक्स अजून कशाला? ती रिबन, तो कर्कश आवाज.

माने : तीन प्रती. एक माल घेणाऱ्याची, एक वाहतूकदाराची, एक आपली. कार्बन घातलेल्या कागदावर एका ठोक्यात तिन्ही निघतात. लेझरला कार्बन चालत नाही, त्याला ठोका नाही.

अनघा : साहेब, जीएसटीच्या नियम ४८ मधली ती तीन प्रतींची अट ई-इन्व्हॉइसला लागू नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून वर्षाला ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस लागतं, त्यात आपण केव्हाचे आलो. आणि नियम १३८-ए म्हणतो, वाटेत अधिकाऱ्याने अडवलं तर क्यूआर कोड मोबाइलवर दाखवला तरी चालेल. कायद्याने कागदाची गरजच उरलेली नाही.

माने : कायद्याने नाही. गिऱ्हाइकाच्या गेटवर आहे. तिथला सिक्युरिटीवाला इनवर्डचा शिक्का कागदावर मारतो, मोबाइलवर नाही. तो शिक्का मारलेली प्रत परत आल्याशिवाय वाहतूकदाराला भाडं मिळत नाही. तुम्ही कायदा बदललात, शिक्का कोण बदलणार?

अनघा : एक प्रत पुरेल ना मग शिक्क्याला? तीन कशाला?

माने : दोन. एक गिऱ्हाइकाला, एक शिक्का घेऊन परत.

अनघा : दोन लेझरवर निघतील.

माने : निघतील. धूळ किती आहे तिथे, पाहून घ्या एकदा. लेझरचं पोट त्या धुळीला टिकतं का, ते मला माहीत नाही. डॉट मॅट्रिक्स टिकलेत, एवढं माहीत आहे. आणि प्रिंट कधी सुटते, तेही बघा. सरकारी पोर्टलवरून क्यूआर यायच्या आधी सुटली, तर बिलावर क्यूआरच्या जागी कोरा चौकोन. ते बिल गेटबाहेर गेलं, की पुढचा ताप आमच्या डोक्याला.

यानंतर दोघांचं एका गोष्टीवर चटकन एकमत झालं, ते म्हणजे नावं. सॅपमध्ये प्रत्येक प्रिंटरला एक लांब नाव असतं आणि एक चार चिन्हांचं आखूड. चार चिन्हांत प्लांट, इमारत, मजला आणि विभाग कोंबायचा म्हणजे कसरत, आणि ज्याने कोंबला तो नोकरी सोडून गेला की अर्थही त्याच्याबरोबर जातो. काही ठिकाणी प्रिंटरच्या मॉडेलवरून नावं ठेवतात. मॉडेल बदलतं, नाव तेच राहतं आणि पुढची माणसं कायमची चुकत राहतात. मान्यांची पद्धत साधी : नाव जागेचं, यंत्राचं नाही. गेट दोनचा प्रिंटर जळाला, तर गोदामातला दुसरा आणून तिथे ठेवायचा आणि त्याला त्या जागेचा पत्ता द्यायचा. सॅपमध्ये काहीच बदलायचं नाही. अट एकच, नवा प्रिंटर जुन्याच भाषेत बोलणारा हवा. अनघाची कमी मॉडेलांची कल्पना इथे मान्यांच्या कामाची ठरते आणि त्यांनी ते हसत कबूल केलं.

अनघा : मग ऑफिसच्या मजल्यांवर तरी कमी करू. प्रत्येक साहेबाच्या टेबलावर एक आहे. मजल्याला दोन ठेवू, कार्ड दाखवल्यावर कागद निघेल. पगाराच्या स्लिपा ट्रेमध्ये पडून राहणार नाहीत.

माने : करा. साहेबांना मात्र तुम्ही सांगा.

अनघा : आणि स्पूलची सफाई. सॅप न सांगता आठ दिवस जुनी कामं धरून ठेवतं. आपल्या एका जुन्या सिस्टिममध्ये क्रमांकांची मर्यादा मूळची ३२ हजार, तशीच आहे. सफाईचा रात्रीचा जॉब कुणी बंद केला, की महिनाअखेरीला क्रमांक संपतात आणि सगळ्याच प्लांटचं छापणं एकदम थांबतं. प्रिंटर सगळे ठणठणीत असतात.

माने : आणि प्रत्येक जण आपापल्या प्रिंटरचा प्लग काढून परत लावत असतो. बरं, चाचणी कुठे घेणार?

अनघा : गेट दोनलाच. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी. आधी नेटवर्कची केबल काढायची. मग कागद काढायचा. मग झाकण उघडं ठेवायचं. शेवटी अर्ध्या कामावर एक सर्व्हर बंद करायचा. दर वेळी डिस्पॅचच्या पडद्यावर काय दिसलं आणि हेल्पडेस्कच्या पडद्यावर काय, ते लिहून काढायचं. दोन्ही जुळल्याशिवाय तुमचा सर्व्हर हलणार नाही.

माने : मान्य. आणि त्या यादीत एक रकाना वाढवा. हा प्रिंटर बंद पडला तर काय थांबतं.

अनघा : आणि किती वेळ चालून जाईल. सांगा, मी लिहिते. गेट दोन?

माने : दहा मिनिटं. त्यानंतर ट्रकांची रांग हायवेवर.

अनघा : लाइन तीनचं लेबल?

माने : लाइनवर जेवढी छापून ठेवलेली असतील तेवढा वेळ. पाऊण तास धरा.

अनघा : तुमच्या टेबलावरचा?

माने : एक वर्ष.

अनघा : कॅन्टीनचं कूपन?

माने : दोन दिवस चालेल. रजिस्टरमध्ये सही घेऊ.

अनघा : दोन दिवस लिहिते.

माने : थांबा. दुपारी साडेबाराला बंद पडला तर गेट दोनच्याही वर लिहा.